काहीसा विलंब

बेस्ट, रविवार, ३० मार्च २०२५

उल्हासदादा,

तुझ्या फोनवर मी अजून ब्लॉक आहे, म्हणून हे हाताने लिहून पानांचे फोटो वसुधावहिनींना पाठवते आहे. दादाने नको म्हटलं तर पुसून टाका, त्याच्या मागे लागू नका, असं त्यांना सांगितलं आहे.

मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती ज्याला कळेल असा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे.

गेली तीन वर्षं मी इथल्या एका समितीवर आहे. डच पोलिसांच्या कोठड्या तपासायला इथे साध्या नागरिकांची समिती असते. आम्ही पाच जण आहोत. एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक दंतवैद्य, एक गाई पाळणारा, एक ग्रंथपाल आणि मी. पगार नाही, जाण्यायेण्याचा खर्च मिळतो. न कळवता जायचं, ओळखपत्र दाखवायचं आणि सगळी दारं उघडायला लावायची. आत किती माणसं आहेत, ड्यूटीवर कोण आहे, औषधं वेळेवर मिळतात का, कोठडीतलं बटण दाबलं तर किती वेळाने कोणी बोलतं, हे सगळं लिहून अहवाल करायचा. तो वरच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. आम्ही लिहिलं म्हणून एका ठाण्यात दोन माणसं वाढली, असंही झालं आहे.

‘कोठडी तपासायला दंतवैद्य!’ असं म्हणून तू हसशील. निवडीच्या वेळी मला विचारलं होतं, इथे का यायचं आहे? कायद्याची पदवी आहे, पडून आहे, असं मी सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही.

९ फेब्रुवारीला, रविवारी दुपारी, मी आणि मारायके एका ठाण्यात गेलो. मारायके म्हणजे ती मुख्याध्यापिका, आमची अध्यक्ष. गावाचं नाव लिहीत नाही. चौदा कोठड्या, आत नऊ माणसं. ड्यूटीच्या तक्त्यावर दोघांची नावं होती, दिसला एकच. रॉय जगेसर. सुरिनामचा. त्याच्या पणजोबांना बिहारहून तिकडे उसाच्या मळ्यात नेलं होतं. पन्नाशीचा असेल. माझ्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं आणि तो डच सोडून त्यांच्या हिंदीत शिरला.

“दीदी, कागज पे दू गो. हियाँ हम अकेल.”

दुसऱ्या माणसाला महिनाभर बाहेरच्या काउंटरवर बसवत होते. नाव मात्र इथल्या तक्त्यावरच होतं. मारायकेला हे कळलं नाही, दुसरा आत कुठेतरी असेल असं तिने धरलं.

मारायके स्वयंपाकघरातला फ्रीज बघत होती. मी सात नंबरच्या रिकाम्या कोठडीत गेले, बटण दाबलं आणि घड्याळ लावलं. अकरा मिनिटांनी भिंतीतल्या जाळीतून रॉयचा आवाज आला. धाप लागली होती. “माफ करा, एकाला आंघोळीला नेलं होतं.”

अहवालात मी ते ‘काहीसा विलंब’ असं लिहिलं.

इथे थांबते. चैत्रालीला, माझ्या लेकीला, हॉकीला सोडायचं आहे. खरं तर ती सायकलने जाते, सोडावं लागत नाही.

इरावती


बेस्ट, शुक्रवार, ४ एप्रिल

दादा,

वहिनींचा मेसेज आला. “वाचलं. एक पान वाचून चष्मा काढला, मग परत घातला. पुसू नको म्हणाले. बाकी काही नाही.” माझ्यासाठी हे पुष्कळ आहे.

‘काहीसा विलंब’ का लिहिलं ते सांगते.

निघताना मारायके कोट घालत होती. तेवढ्यात रॉय मला बाजूला घेऊन म्हणाला, “दीदी, अकरा लिहू नका. मी एजन्सीतर्फे आहे. एक एप्रिलला कायम करणार आहेत. अकरा लिहिलंत तर मलाच विचारतील, अकरा मिनिटं तू काय करत होतास? दुसरा माणूस कुठे होता हे कोणी विचारणार नाही.”

मी म्हटलं, “तुमचं नाव येणार नाही. ‘एका कर्मचाऱ्याने सांगितले’ एवढंच लिहू.”

“चार जण आहोत आम्ही,” तो म्हणाला. “त्यात तुमच्याशी हिंदी बोलणारा दुसरा कोण?”

२० फेब्रुवारीला मारायकेच्या स्वयंपाकघरात बैठक झाली. कॉफी, प्रत्येकाला एक बिस्किट आणि डबा बंद. अहवालातल्या एकेका वाक्यावर सगळ्यांची मान हलेपर्यंत इथे चर्चा चालते. मारायकेने विचारलं, “बटणाला किती वेळ लागला, इरा?”

“थोडा लागला. तो कोणाला तरी आंघोळीला नेत होता.”

“थोडा म्हणजे?”

“काहीसा विलंब, असं लिहू या.”

दंतवैद्य म्हणाला, “काहीसा हे कुठलं माप? काहीसा किडलेला दात मी अजून पाहिला नाही.” सगळे हसले. मीही हसले. वाक्य मंजूर झालं. त्याच्या खालचं वाक्यही माझंच होतं, ‘तक्त्यानुसार दोन कर्मचारी नियुक्त.’ ते शब्दशः खरं आहे. तक्त्यानुसार दोनच होते.

१६ मार्चला, पुन्हा रविवारीच, त्या ठाण्यात एक्कावन्न वर्षांच्या बाईंना आणलं. दुकानातून सामान उचलल्याचा संशय होता. त्यांना मधुमेह आहे. दुपारी त्यांनी बटण दाबलं. सव्वीस मिनिटांनी रॉय पोचला तेव्हा त्या जमिनीवर पडलेल्या होत्या, शुद्ध नव्हती. अजून इस्पितळात आहेत. डावा हात हलत नाही, बोलणं तुटक आहे.

रॉय त्याही दिवशी एकटाच होता. ठाण्याच्या प्रमुखाने लेखी दिलं आहे की पाचच आठवड्यांपूर्वी नागरिकांच्या समितीने पाहणी केली, दोन कर्मचारी नियुक्त असल्याचं आणि फक्त काहीसा विलंब असल्याचं नोंदवलं. म्हणजे मनुष्यबळ पुरेसं होतं, चूक व्यक्तीची आहे. माझी दोन वाक्यं त्या कागदाला जोडली आहेत. रॉयला लगेच घरी बसवलं. एक एप्रिलला एजन्सीने करार संपवला. आता त्याच्यावर गुन्हा दाखल करायचा का, याची चौकशी चालू आहे. मला २४ तारखेला बोलावलं आहे.

मारायके फोनवर शांतपणे बोलली. “मंजूर झालेला अहवाल हाच आपला अहवाल. तू एकटीने जाऊन वेगळं सांगितलंस तर आपल्या मागच्या सगळ्या अहवालांवर प्रश्न येतील. समितीच बंद करा म्हणणारे टपलेले आहेतच. मग त्या दारांच्या आत बघणार कोण?”

तिचं खोटं नाही. आम्ही नसलो तर आत बाहेरचं कोणीच जाणार नाही.

नवऱ्यालाही विचारलं. प्रणव म्हणाला, “तू काही खोटं लिहिलेलं नाहीस ना? मग विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे. जास्त बोलू नकोस.” तो माझ्या काळजीने म्हणाला. पण विचारतील तेवढंच सांगायचं, हे मी याआधी एकदा केलं आहे. तुला माहीत आहे.

मी खरं सांगितलं तर समिती अडचणीत येते, आणि रॉयने मला गप्प राहायला सांगितलं होतं हेही बाहेर येतं. नाही सांगितलं तर रॉय एकटा अडकतो. तू असतास तर काय केलं असतंस?

इरा


बेस्ट, रविवार, १३ एप्रिल

दादा,

तुझा निरोप वहिनींनी जसाच्या तसा लिहून पाठवला. “तिला म्हणावं, तो माणूस किती तास ड्यूटीवर होता ते विचार. आणि जेवला होता का.”

सुपरमार्केटमध्ये रांगेत असताना वाचला. माझी पाळी आली तरी मी उभीच. मागची बाई म्हणाली, “अहो बाई, गेलात का झोपी?”

मी हे विचारलं नव्हतं, दादा. आमच्याकडे छापील फॉर्म आहे, एक्केचाळीस प्रश्नांचा. गादीची जाडी आहे, शाकाहारी जेवण आहे, प्रार्थनेसाठी चटई आहे का तेही आहे. ड्यूटीवरचा माणूस किती तासांपासून उभा आहे हे त्यात नाही. तीन वर्षांत हा प्रश्न फॉर्ममध्ये घाला असं मी एकदाही सुचवलं नाही. निदान मला तरी सुचायला हवं होतं.

काल आइंडहोवनला रॉयच्या घरी गेले. त्याच्या बायकोने दार उघडलं. माझ्याकडे न बघता चहा ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन बसली, दार उघडं ठेवून.

मी विचारलं, “सोळा मार्चला तुम्ही किती तास ड्यूटीवर होता?”

“अब पूछत हो, दीदी?” तो म्हणाला. “चौदा. आदल्या दिवशी बारा. सकाळचा माणूस आजारी होता, बदली कोणी आलं नाही.”

“आणि जेवण?”

“एक केळं.”

आतून बायको डचमध्ये म्हणाली, “दोन. एक मी डब्यात दिलं होतं, ते तसंच परत आलं.”

“मग एकच ना,” रॉय म्हणाला.

मी त्याला सांगितलं की मी चौकशीत सगळं सांगायचं म्हणते आहे, अकरा मिनिटंसुद्धा. मला वाटलं त्याला बरं वाटेल. तो उठून उभा राहिला. “तेव्हा लिहिलं असतंत तर माझी नोकरी गेली असती. फक्त नोकरी. ती बाई आज धडधाकट घरी असती. मी तुम्हाला विनंती केली ती माझ्या पोटासाठी. तुम्ही ती ऐकलीत कशी? तुमचं कामच ते होतं ना, न ऐकणं?”

चहा तसाच ठेवून मी निघाले.

घरी येताना बसमध्ये २००७ आठवत होतं. आपल्या त्या चौकशीत दंडाधिकाऱ्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. भाऊ जेवायला घरी किती वाजता आला? सव्वासात. परत किती वाजता गेला? नऊला पाच कमी असताना. दोन्ही खरं होतं. पेपरमध्ये आलं, ‘कोठडीत दम्याने तडफडून मृत्यू, फौजदार पावणेदोन तास घरी.’

तू आदल्या संध्याकाळपासून सलग सव्वीस तास ड्यूटीवर होतास. तू ते सांगितलंस, पण ठाण्याच्या नोंदवहीत तुला रात्री सुट्टी दाखवली होती. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेलेल्या. तू रात्री घरी आलाच नाहीस, हे सांगू शकणारी जगात मी एकटी होते. मी पंचवीस वर्षांची, नुकती कायद्याची पदवी घेतलेली. त्या कोठडीत गेलेल्या दामोदरची बायको जयंती समोरच्या बाकावर बसलेली होती. मला वाटलं, मी तिच्या बाजूने उभी आहे. भाऊ आहे म्हणून त्याला वाचवायचं नाही, एवढी मी ताठ. विचारलं तेवढं सांगून खाली उतरले.

तुझी वर्दी गेली. मला वकील मैत्रिणींनी शाबासकी दिली, ती मी घेतली.

हे सगळं तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते लिहायला बसले होते, पण आज होत नाही.

इरा


बेस्ट, शनिवार, २६ एप्रिल

दादा,

आज इथे राजाच्या वाढदिवसाचा सण. रस्ताभर मुलं चादरी पसरून जुनी खेळणी विकायला बसली आहेत, सगळीकडे नारिंगी. चैत्राली तिचे लहानपणचे बूट विकायला घेऊन गेली आहे. प्रणव तिच्याबरोबर आहे. घरात मी एकटी आहे, म्हणून आजच लिहिते. याचे फोटो वहिनींना पाठवणार नाही. पाकिटात घालून फक्त तुझ्या नावावर टाकणार आहे. पोचायला पंधरा दिवस लागतील.

आधी २४ तारखेचं.

दोन अधिकारी होते. पुरुष विचारत होता, बाई लिहून घेत होती. त्याने विचारलं, “जगेसर एकटा असतो हे त्याने तुम्हाला सांगितलं होतं?”

“हो. आणि मी डोळ्यांनी बघितलं होतं.”

“अहवालात दोन कर्मचारी असं आहे.”

“तक्त्यानुसार, असं आहे. ते मी मुद्दाम लिहिलं. म्हणजे खोटंही ठरणार नाही आणि कळणारही नाही.”

मग बटणाचं सांगितलं. माझ्या डायरीतलं ९ फेब्रुवारीचं पान त्यांना दिलं. त्यात अकरा असा आकडा आहे, खाली दोन रेघा मारलेल्या. त्याने विचारलं, “अध्यक्षांना हे माहीत होतं?”

“नाही. समितीत कोणालाच नाही. वाक्य माझं.”

“का बदललंत?”

“त्याची दया आली.”

त्याने ते पान फाइलमध्ये ठेवलं. मग म्हणाला, “ठीक आहे, एवढंच.” मी म्हटलं, “एवढंच नाही. एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. तो सोळा मार्चला चौदा तास ड्यूटीवर होता आणि आदल्या दिवशी बारा. ते तक्त्यावरून कळणार नाही, एजन्सीकडच्या तासांवरून कळेल.” लिहिणाऱ्या बाईने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो प्रश्न तुझा होता, दादा. तुझं नाव तिथेही घेतलं नाही, पण या वेळी लपवायचं म्हणून नव्हे.

मारायकेला मी आदल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, “ओळखपत्र पोस्टाने पाठव.” बास. आता समितीचे तीन वर्षांचे अहवाल पुन्हा तपासायला घेतले आहेत आणि तोवर पाहण्या बंद आहेत. ती म्हणाली होती तसंच झालं. आज, सणाच्या दिवशी, त्या चौदा कोठड्यांचं बटण दाबून बघायला कोणी जाणार नाही. हे माझ्यामुळे आहे आणि ते हलकं करून सांगायचा मला हक्क नाही.

काल रॉयच्या वकिलाचा फोन आला होता. ठाण्याच्या प्रमुखाचीही चौकशी सुरू झाली आहे. ठपका एकट्या रॉयवर राहणार नाही, इतपत. मी रॉयला फोन केला. तो म्हणाला, “ठीक है.” आणि ठेवला.

आता तुझं.

त्या संध्याकाळी तू सव्वासातला आलास. आमटी-भात केला होता, तू चार घास खाल्लेस. आठला दहा कमी असताना पलंगावर आडवा झालास, बूट पायातच. म्हणालास, “इरा, पंधरा मिनिटं. बरोब्बर पंधरा मिनिटांनी उठव. तिकडे शिंदे एकटा आहे आणि त्या दामोदरला धाप लागतेय, डॉक्टरला बोलवायचंय.”

आठ वाजून पाच मिनिटांनी मी दारात आले. तुझं तोंड उघडं होतं, एक हात जमिनीला टेकला होता. इतका थकलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मनात आलं, अजून थोडा वेळ झोपू दे. ठाणं काय, रस्त्याच्या पलीकडे तर आहे. मी दिवा मालवला, दार लोटलं आणि भांडी घासायला गेले. आवाज होऊ नये म्हणून नळ बारीक सोडला.

नऊला दहा कमी असताना शिंदे धावत आला. तू उठून माझ्याकडे बघितलंस, “उठवलं का नाहीस?”

मी म्हटलं, “दोन हाका मारल्या, तू उठला नाहीस.”

तू मान हलवलीस आणि धावत गेलास. दंडाधिकाऱ्यांपुढे तू स्वतःहून म्हणालास, माझा डोळा लागला, चूक माझी आहे. बहिणीने उठवलं होतं की नाही, यात तू मला ओढलं नाहीस. मी हाका मारल्या होत्या असंच तू धरून चाललास. सव्वीस तासांचं मी बोलले नाही ते ताठपणामुळे, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते अर्धंच खरं आहे. सव्वीस तास म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता, मग तो झोपला का? आणि त्याच्या पुढचा, उठवायला कोण होतं?

मी एकही हाक मारली नव्हती, दादा.

अठरा वर्षं तू स्वतःला असा माणूस समजत आला आहेस, ज्याला दोन हाका ऐकू आल्या नाहीत. मला हे रोज माहीत होतं. राखी पाठवणं मी बंद केलं ते तू बोलत नव्हतास म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. माझा हात धजत नव्हता.

माफी मागत नाही. रॉयच्या घरी मला कळलं की सगळं सांगते म्हणताना मी समोरच्याकडून बरं वाटून घ्यायला गेले होते. तुझ्याकडून तेही घ्यायचं नाही. हे पत्र वहिनींना दाखव, ज्या खात्याने तुला घालवलं त्यांना दाखव, तुझं आहे. प्रतिज्ञापत्र हवं असेल तर इथल्या वकिलातीत जाऊन करून देईन.

वहिनी परवा फोनवर बोलता बोलता म्हणाल्या की तू दर वर्षी दामोदरच्या तिथीला जयंतीबाईंकडे जाऊन येतोस. मला माहीत नव्हतं. तिथे बसून तू काय बोलत असशील, तुझ्या झोपेबद्दल त्यांना काय सांगितलं असशील, याचाच विचार करते आहे. त्यांना खरं कळायला हवं, आणि ते सांगायचं काम तुझं नाही.

मला उत्तर नको. त्यांचा पत्ता तेवढा पाठव.

इरावती